आकाशातल्या दिव्याचा पंचनामा



दिव्याखाली अंधार असतो असे आपण म्हणतो. आमच्या एकलहऱ्याचा दिवा तर केवढा मोठा! १९७० पासून इथे कोळसा जळतो, वीज तयार होते आणि तारांवरून दूरदूरच्या गावांना जाते. पण औष्णिक केंद्राचा उजेड मागे टाकून चार पावले शिवारात आलात, की रात्र ती रात्रच. ज्याच्या वाट्याला रात्रीच्या पाळीची वीज आली आहे, त्याला कांद्याला पाणी द्यायला नाहीतर द्राक्षबागेची मोटार चालू करायला अंधारात जावेच लागते. हातात बॅटरी, पायात गमबूट आणि मनात बिबट्याची धास्ती.

असा माणूस एकदा खाली पाहतो आणि एकदा वर पाहतो. वर त्याला काय काय दिसते? चिमण्यांच्या माथ्यावरचे लाल दिवे दिसतात. ते विमानांना उंची कळावी म्हणून लावलेले आहेत, हे शेंबडे पोरही सांगेल. गांधीनगरच्या बाजूने लष्कराची हेलिकॉप्टरे येतात-जातात. उत्तरेला ओझरचा विमानतळ आहे. नैर्ऋत्येला देवळालीला तोफखान्याचे शिक्षण देणारी लष्कराची शाळा आहे. तोफखान्याकडे उजेडाचे गोळेही असतात. असा गोळा आकाशात फुटला की छोट्या पॅराशूटला लटकून जळत जळत सावकाश खाली येतो आणि सगळा माळ उजळून टाकतो. या सगळ्याची आपल्याला सवय आहे.

पण एखाद्या रात्री असा दिवा दिसतो, की तो यांपैकी कशातच बसत नाही. क्षितिजाच्या थोडा वर, मोठा, पांढराशुभ्र, आवाज नाही, उघडझाप नाही. पाहता पाहता तो हलल्यासारखा वाटतो. आपण बांधाबांधाने चालू लागलो तर तोही बरोबर येतो. मग छातीत धस्स होते.

आपल्या आज्या-पणज्यांनीही हा दिवा पाहिलेला आहे. त्यांनी त्याला आग्या वेताळ म्हटले, भुताची दिवटी म्हटले. त्यानंतरच्या पिढीने वर्तमानपत्रे वाचली आणि तिला तीच उडती तबकडी वाटू लागली. आताची पोरे म्हणतात ड्रोन आहे. दिवा पुष्कळदा तोच असतो, पिढी बदलली की नाव बदलते. नाव ठेवून आपण मोकळे होतो. दिवा कसला होता ते मात्र तसेच राहते.

आज तुम्हांला सांगायचे आहे ते हे, की अशा दिव्यांचा सरकारी पंचनामा होतो तेव्हा काय निघते. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा आपल्या ओळखीचा आहे. आकाशातल्या दिव्याचाही होतो, आणि त्यातून शिकण्यासारखे फार आहे.

पहिली हकिगत आपल्याच राज्यातली. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास उत्तर महाराष्ट्रात, विदर्भात आणि शेजारच्या मध्य प्रदेशात हजारो लोकांनी एक विलक्षण दृश्य पाहिले. आकाशातून जळते तुकडे, मागे ठिणग्यांची लांब शेपटी सोडत, रांगेने चालले होते. कुणी म्हणाले विमान पेटले. कुणी म्हणाले उल्का. कुणी क्षेपणास्त्र म्हणाले, आणि तबकडी म्हणणारेही होतेच. गावोगावच्या लोकांना खात्री वाटत होती, की ते आपल्याच टेकडीपलीकडे पडले.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात मात्र खरोखरच एक वस्तू पडली. धातूचे भले मोठे कडे, सुमारे तीन मीटर व्यासाचे. बैलगाडीच्या चाकाच्या दुपटीने म्हणा. पुढे त्याच तालुक्यात पवनपारला धातूचा पोकळ गोळाही सापडला, फूट-दीड फुटाचा. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. सरकारी यंत्रणेने वस्तू ताब्यात घेतल्या आणि काही दिवसांतच इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले.

आता या तपासातली गंमत पाहा. त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून एक अग्निबाण सुटला होता. साहजिकच काही जाणकारांनी आधी त्याच्याकडे बोट दाखवले. वेळ जुळत होती ना! पण नुसती वेळ जुळून भागत नाही. मार्ग जुळावा लागतो, दिशा जुळावी लागते. जोनाथन मॅकडॉवेल नावाचे खगोलशास्त्रज्ञ पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वस्तूंची वही ठेवतात. त्यांनी दाखवून दिले, की चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या लाँग मार्च ३ बी या अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्याच सुमारास खाली येणार होता, आणि त्याची वाट महाराष्ट्रावरूनच जात होती. तेरा-चौदा महिने तो रिकामा टप्पा पृथ्वीभोवती घिरट्या घालत होता. हळूहळू उतरत तो दाट हवेत शिरला आणि घर्षणाने जळत फुटला. पोकळ गोळे हे त्यातल्या दाबाखाली वायू भरण्याच्या टाक्या.

तो उल्का का नव्हता, हे ओळखायला तर दुर्बिणही लागत नाही. उल्का सेकंदाला कमीत कमी अकरा किलोमीटर वेगाने येते, पुष्कळदा त्याच्या कितीतरी पट. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते. फार मोठी असली तर काही सेकंद. अग्निबाणाचा तुकडा येतो सेकंदाला सात-साडेसात किलोमीटरने आणि जवळजवळ आडवा. हा वेगही काही थोडा नाही. नाशिक ते नागपूर सरळ रेषेतले अंतर तो सव्वा मिनिटात कापील. पण पाहणाऱ्याला तो सावकाश चालल्यासारखा दिसतो आणि मिनिट-मिनिट दिसत राहतो. म्हणजे "किती वेळ दिसले?" या एका प्रश्नाच्या उत्तरात निम्मा तपास असतो.

आणि प्रत्येक गावाला तो आपल्याच टेकडीपलीकडे पडला असे का वाटले? कारण अंधाऱ्या आकाशातल्या उजेडाचे अंतर डोळ्याला कळतच नाही. जमिनीवर आपण झाड, घर, माणूस यांच्या मापाने अंतर ताडतो. आकाशात माप धरायला काही नसते. तो तुकडा जळत होता सत्तर-ऐंशी किलोमीटर उंचीवर. एवढ्या उंचीवरचा जाळ तीन-चारशे किलोमीटर दूरच्या माणसालाही दिसतो आणि क्षितिजाआड गेला की "तिकडे पलीकडच्या शिवारात उतरला" असे वाटते. डोळे आणि कान यांच्यात चार बोटांचे अंतर असते, ऐकलेल्यापेक्षा पाहिलेल्यावर विश्वास ठेवावा, असे आपण मानतो. ते खरेच आहे. पण डोळ्याने पाहिले ते खरे असूनही त्याचे अंतर, आकार आणि वेग हा आपला अंदाज असतो. साक्ष देताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या.

दुसरी हकिगत लडाखची. ही ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. चीनच्या सीमेवर पँगाँग सरोवर आहे, चौदा हजार फूट उंचीवर. तिथे पहारा देणाऱ्या आपल्या जवानांना २०१२ साली आकाशात दिवे दिसू लागले. पलीकडच्या बाजूने यायचे, तासन्‌तास आकाश चढायचे. चीनची टेहळणी करणारी यंत्रे असावीत, अशी शंका आली आणि तशी येणे योग्यच होते. ऑगस्ट २०१२ पासून फेब्रुवारी २०१३ पर्यंत जवानांनी ३२९ वेळा नोंद केली. त्यांतल्या १५५ नोंदी दिवा सीमा ओलांडून आत आल्याच्या होत्या. रडार लावून पाहिले. रडारला काहीच सापडेना.

मग बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारण्यात आले. याच संस्थेची वेधशाळा लडाखमध्ये हानले इथे आहे. प्रश्न साधा होता: हे दिवे पृथ्वीवरचे की आकाशातले? नोंदींवरून शास्त्रज्ञांनी उत्तर काढले. एक दिवा होता गुरू आणि दुसरा शुक्र. त्या हिवाळ्यात गुरू रात्रीचा बहुतेक काळ आकाशात असे आणि शुक्र पहाटे पूर्वेला उगवे. त्या उंचीवर हवा विरळ आणि स्वच्छ, त्यामुळे ग्रह इथल्यापेक्षा कितीतरी तेजस्वी दिसतात. २०१३ च्या जुलैत ही बातमी जगभर छापून आली आणि लोक हसले.

हसण्यासारखे त्यात काही नाही. पहाऱ्यावरच्या जवानाचे कामच दिसेल ते लिहून ठेवण्याचे. त्याने लिहिले म्हणूनच शास्त्रज्ञांना उत्तर काढता आले. आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये त्याच लडाखात दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकली होती, हे ध्यानात घ्या. अशा वातावरणात आकाशातल्या दिव्यावर कुणी गोळी झाडली असती, तर शुक्राचे काही बिघडले नसते. सीमेवर मात्र काहीही झाले असते. दिवा कसला आहे हे वेळेवर कळणे किती मोलाचे असते, ते यावरून समजावे.

तिसरी हकिगत अमेरिकेची, कारण उडत्या तबकडीचा जन्मच तिथला. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाचा एक वैमानिक स्वतःचे छोटे विमान चालवत असताना त्याला नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर बशी फेकली की ती टप्पे घेत जाते तशा त्या चालल्या होत्या, असे त्याने सांगितले. तो बोलला चालीबद्दल. वर्तमानपत्रांनी बशी उचलली आणि छापून टाकली "उडती बशी". आपल्या नाशिकला आनंदवल्ली आहे, आनंदीबाईंच्या नावाची. "ध" चा "मा" कसा होतो हे आपल्याला परक्याने शिकवायला नको! त्यानंतर जो तो आकाशात बश्याच पाहू लागला.

अमेरिकेच्या हवाई दलाने तपास सुरू केला. पुढे त्याचे नाव प्रोजेक्ट ब्लू बुक पडले आणि तो १९६९ अखेर बंद झाला. १९४७ पासून एकूण १२,६१८ नोंदी जमल्या. बहुतेकांची उत्तरे निघाली: शुक्र, गुरू, तेजस्वी तारे, उल्का, विमाने, हवामानखात्याचे फुगे, ढगांवरचे उजेड आणि काही चक्क थापा. ७०१ नोंदींचे उत्तर निघाले नाही.

या ७०१ वरच पुष्कळांचा जीव अडकलेला आहे. उत्तर निघाले नाही म्हणजे परग्रहावरून कुणी आले, असे ते म्हणतात. पण आपल्या तहसील कचेरीत कितीतरी प्रकरणे प्रलंबित असतात. प्रकरण प्रलंबित राहिले म्हणजे त्यात भूत शिरले असे कुणी म्हणत नाही. कागद अपुरा आहे, मोजणी झालेली नाही, साक्षीदार मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आकाशातल्या दिव्याचेही तसेच आहे. अमेरिकेच्या नासा या संस्थेने नेमलेल्या समितीनेही २०२३ मध्ये हेच सांगितले, की परग्रहवासीयांचा पुरावा मिळालेला नाही आणि खरी अडचण चांगल्या नोंदी नसण्याची आहे.

ब्लू बुकमधली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हवाई दलाचे सल्लागार होते जे. ॲलन हायनेक नावाचे खगोलशास्त्रज्ञ. १९६६ च्या मार्चमध्ये मिशिगन राज्यात बऱ्याच लोकांना दिवे दिसले. हायनेकसाहेबांनी घाईच्या तपासानंतर काही दिव्यांच्या बाबतीत दलदलीतल्या वायूची शक्यता सांगितली. लोक भडकले. आम्ही काय वेडे आहोत? प्रकरण थेट त्यांच्या संसदेपर्यंत गेले. उत्तर बरोबर की चूक हा भाग वेगळा. पाहणाऱ्याला आपला अपमान झाला असे वाटले की बरोबर उत्तरही तो ऐकून घेत नाही. पुढे हायनेक स्वतःच हवाई दलाच्या तपासपद्धतीवर टीका करू लागले. तेव्हा कुणी घाबरत घाबरत काही पाहिल्याचे सांगत आला, तर घरातल्या मोठ्यांनी "काय घेऊन बसलास" म्हणून त्याला उडवून लावू नये. आधी पाणी द्यावे, बसवावे आणि मग विचारावे.

काय विचारावे? आता तेच सांगतो. हे काम दहावीतली मुलगीही करील.

पहिला प्रश्न, किती वेळ दिसले? एक-दोन सेकंद असेल तर उल्का. मिनिटभर, तुकड्या-तुकड्यांनी, रांगेत असेल तर अग्निबाणाचा वा उपग्रहाचा अवशेष. तीन ते सहा मिनिटे एकच ठिपका न लुकलुकता सरळ आकाश ओलांडत गेला तर फिरता उपग्रह. तो मध्येच विझतो, कारण तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो. एका ओळीत माळेसारखे दिवे सूर्यास्तानंतर वा पहाटे दिसले तर ते बहुधा स्टारलिंकचे उपग्रह. २०१९ पासून ते झुंडीने सोडले जातात आणि सोडल्यानंतरचे थोडे दिवस अशी माळ दिसते. तासन्‌तास दिसत असेल तर ग्रह किंवा तारा.

दुसरा प्रश्न, उघडझाप होती का आणि रंग कोणते? विमानाच्या डाव्या पंखाला लाल, उजव्या पंखाला हिरवा दिवा असतो आणि पांढरा दिवा ठरावीक ठेक्यात उघडझाप करतो. ठेका चुकत नाही. क्षितिजाजवळचा तेजस्वी तारा मात्र लाल, हिरवा, निळा असा वेडावाकडा चमकतो. त्याला ठेका नसतो. मृगाच्या मागचा व्याध उगवताना पाहा म्हणजे कळेल. हवेच्या थरांतून येताना त्याचा उजेड थरथरतो आणि त्याचे रंग फुटतात.

तिसरा प्रश्न, खरेच हलले का? अंधारात एकाच दिव्याकडे टक लावली तर स्थिर दिवाही सरकल्यासारखा भासतो. हा डोळ्याचा धर्म आहे, भित्रेपणा नव्हे. पुढून ढग जात असले तर ढग थांबल्यासारखे आणि दिवा पळाल्यासारखा वाटतो. यावर उपाय सोपा आहे. विजेच्या खांबाला नाहीतर गोठ्याच्या मेढीला डोके टेकून उभे राहा आणि दिवा कौलाच्या कडेशी जुळवून धरा. गवंडी ओळंबा धरतो तसे. पाच मिनिटांत खरे काय ते कळेल.

चौथा प्रश्न, तुमच्या मागे आला का? लहानपणी चांदोबा बैलगाडीबरोबर चालतो असे आपल्याला वाटे. का चालतो? कारण तो फार लांब आहे. जवळची झाडे मागे पडतात, लांबचे बरोबर येते. तेव्हा "दिवा मैलभर माझ्या मागे आला" हे ऐकले की दोन शक्यता धरा. एकतर कुणीतरी खरेच मागे होते, किंवा दिवा इतका लांब होता, की तुमच्या मैलाला तिथे काही किंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी दिसला तर दुसरी शक्यता खरी.

पाचवी कसोटी सगळ्यांत पक्की आहे. तारा रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतो. आठवड्यात अर्धा तास, महिन्यात दोन तास. ग्रहांचेही थोड्याफार फरकाने असेच. आज लिंबाच्या शेंड्याशी आठ वाजता दिसलेला दिवा पुढच्या आठवड्यात त्याच शेंड्याशी साडेसातला आला, तर तो आकाशातला दिवा आहे. ड्रोन उडवणारा माणूस किंवा चोर इतका वक्तशीर नसतो!

शुक्रासाठी तर तुमच्या भिंतीवरच साधन टांगलेले आहे. लग्नाचे मुहूर्त काढताना आपण पंचांगात गुरूचा आणि शुक्राचा अस्त पाहतो. अस्त म्हणजे तो ग्रह सूर्याच्या फार जवळ आल्याने दिसेनासा होतो. अस्त संपला की शुक्र पहाटे पूर्वेला नाहीतर संध्याकाळी पश्चिमेला ठळक दिसू लागतो. सूर्य-चंद्र सोडले तर आकाशात सर्वांत तेजस्वी तोच. पण तो सूर्यापासून फार दूर जात नाही. मावळतीनंतर किंवा उगवतीपूर्वी साधारण तीन तास, एवढाच त्याचा मुक्काम. म्हणून मध्यरात्री डोक्यावर दिसलेला दिवा शुक्र असू शकत नाही. तो गुरू असेल, किंवा आणखी काही. ज्या पंचांगावर लेकीचे लग्न ठरते, त्याच पंचांगावर आग्या वेताळाचाही निकाल लागतो.

उंची सांगायची असेल तर हात लांब करून मूठ धरा. क्षितिजापासून डोक्यावरच्या बिंदूपर्यंत साधारण नऊ मुठी भरतात. "डोंगरावर दोन मुठी" हे "लई वर होता" यापेक्षा शंभरपट उपयोगी. आणि शेजारच्या गावातल्या कुणी तोच दिवा पाहिला असेल तर त्याने कोणत्या दिशेला पाहिला ते विचारा. दोन गावांतून दोन रेघा काढल्या की जिथे मिळतात तिथे दिवा. रेघा मिळतच नाहीत, दोघांनाही एकाच दिशेला दिसला, तर दिवा फार दूरचा. मोजणीदार शेताची हद्द याच हिशेबाने काढतो.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? दिसला दिवा, गेला दिवा. पण तसे होत नाही. जुन्या मंडळींना १९७९ आठवत असेल. अमेरिकेची स्कायलॅब पडणार म्हणून गावोगाव घबराट झाली होती. ११ जुलै १९७९ ला ती पडली हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. तिथल्या एस्परन्स गावच्या स्थानिक मंडळाने, आमच्या हद्दीत कचरा टाकला म्हणून, अमेरिकेच्या नासाला ४०० डॉलरचा दंड ठोठावला! ती घबराट हसण्यावारी गेली. सगळ्याच जात नाहीत.

१ जुलै २०१८ रोजी आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुले पळवणारे आले अशा अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षेवर पोट भरणारी माणसे ती. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यापासून मराठवाड्यापर्यंत रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, असे बोलले जाऊ लागले आणि गावेच्या गावे काठ्या घेऊन जागली. ड्रोन खरेही असतात, चोरही असतात; जागे राहण्यात काही गैर नाही. पण काठी हातात असलेल्या पन्नास माणसांना आकाशातला दिवा कसला आहे हे माहीत नसेल, आणि नेमका त्याच वेळी रस्त्याने कुणी परका माणूस, कुणी मेंढपाळ, कुणी ऊसतोड्या चालला असेल, तर काय होईल? म्हणून म्हणतो, दिव्याचा पंचनामा ही रिकामटेकड्यांची करमणूक नव्हे. एखाद्याचा जीव त्यावर अवलंबून असू शकतो.

शेवटी, वस्तू खरोखरच शेतात पडली तर काय करावे तेही सांगतो. हात लावू नये. त्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोरांना आणि गुरांना लांब ठेवावे. पोलीस पाटलांना सांगावे, नाहीतर ११२ ला फोन करावा. जागेवरच लांबून फोटो काढावा. भंगारात मुळीच घालू नये. दगड पडला तरी तेच. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात काटोलला उल्कापाषाण पडले. अशा दगडांचा अभ्यास आपल्या देशात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही सरकारी संस्था करते. आणि अग्निबाणाच्या तुकड्याने पिकाचे, घराचे, जनावराचे नुकसान झाले तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ज्या देशाने तो सोडला त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येते. भारत त्या करारात आहे. मागणी आपल्या सरकारने करायची असते. १९७८ मध्ये रशियाचा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात पडला, तेव्हा कॅनडाने भरपाई मागितली आणि १९८१ मध्ये तीस लाख कॅनेडियन डॉलर घेतले. पण मागणीला आधार लागतो पंचनाम्याचा, आणि वस्तू भंगारवाल्याकडे गेली असेल तर पंचनामा कशाचा करणार?

तेव्हा एवढे करा. मोटारीच्या पेटीजवळ एक जुनी वही आणि पेन्सिल टांगून ठेवा. काही दिसले तर तारीख, घड्याळातली वेळ, दिशा, किती मुठी वर, किती वेळ, रंग, आवाज, आणि बरोबर कोण होते, एवढे तिथेच लिहा. घरी येऊन लिहू म्हणू नका; वाटेत चार जण भेटले की हकिगतीला शेपटी फुटते. पहिल्या वेळी हात थरथरेल. दुसऱ्या वेळी कमी थरथरेल. आणि घरातल्या पोरापोरींना पहाटे उठवून एकदा शुक्र दाखवा, एकदा गुरू दाखवा. ओळखीच्या माणसाची अंधारात भीती वाटत नाही, तसेच ताऱ्यांचे आहे.

मोटार बंद करायला विसरू नका.